गीताकाकूवर दहा वर्षांची बंदी

अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका बाईवर मोबाईलमधल्या गेमनं दहा वर्षांची बंदी घातली. म्हणजे बाईनं आता अठ्ठावन्नाव्या वर्षी परत यायचं, तोवर गप घरी बसायचं. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या गावात सगळे हसले. मी मात्र त्या दिवसापासून असा पेटलोय की बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं तर हेल्मेट घालून बोलावं लागतं.

मी आदिनाथ. नाशिक-पुणे रस्त्यावरून आत वळलं की संगमनेरपासून चौदा किलोमीटरवर आमचं गाव, आणि स्टँडवर माझं मोबाईलचं दुकान. रिचार्ज, रिपेअरिंग, काच बसवणं, ऑनलाईन फॉर्म, सगळं करतो. दुकानाच्या भिंतीला भिंत लावून दूध डेअरीची खोली आहे. त्या खोलीच्या खिडकीत रोज सकाळ-संध्याकाळ जी बाई बसते, ती गीताबाई. सगळं गाव तिला गीताकाकूच म्हणतं.

काकूचं माहेर आमच्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडचं, कोरडवाहू. लग्न होऊन इकडं प्रवरेच्या पाण्यावर आली तेव्हा उसाला सोडलेलं पाणी बघून म्हणायची, "एवढं पानी तुमी वाया का घालवता वो?" नवरा कोंडीराम डेअरीच्या दूध टेम्पोवर ड्रायव्हर होता. सात वर्षांपूर्वी काविळीनं गेला. डेअरीनं दया म्हणून हिला झाडलोटीला ठेवलं. ही सातवी पास बाई झाडता झाडता दुधातलं फॅट मोजायचं मशीन बघत राहिली, आणि वर्षभरात त्या मशीनवर हीच बसली. किटली आली की झाकण काढायचं, नाक लावायचं, नमुना घ्यायचा, मग मशीन. मशीनच्या आधी हिचं नाक सांगतं. चेअरमनच्या मेहुण्याचं दूध एकदा हिनं परत पाठवलं. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलतंय." ही म्हणाली, "मग मशीन घरी न्या, दूध हितं ठेवू नका." त्या दिवसापासून गावात कोणी तिच्याशी हुज्जत घालत नाही.

तिला एकच मुलगा, योगेश. चोवीस वर्षांचा. हा पोरगा बोलताना अडकतो. जन्मापासून थोडं होतं, बाप गेल्यावर फार वाढलं. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणेपर्यंत मास्तर दोन नावं पुढं गेलेले असायचे आणि वर्ग खिदळत असायचा. आता चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर आहे. मशीनसमोर बोलावं लागत नाही म्हणून त्यानं ते काम धरलं, हे काकूला माहीत होतं. रोज ती फोन करायची. "जेवलास?" "जे... जे... जेवलो." "बरं." फोन बंद. पाच वर्षं माय-लेकाचं बोलणं एवढंच.

मागच्या दिवाळीला योगेश घरी आला. दुपारी आतल्या खोलीत गेम खेळत होता, काकू बाहेर चकल्यांचं पीठ मळत होती. गेम साधा: चौघांची टोळी करून विमानातून उड्या मारायच्या, हत्यारं गोळा करायची, शेवटी जो उरेल तो जिंकला. खेळताना माईकवर एकमेकांशी बोलता येतं. काकूला आतून आवाज आला. योगेश बोलत होता. मधे अडकत होता, पण थांबत नव्हता. हात खेळात, डोळे खेळात, आणि तोंड आपोआप चाललेलं. कुणा मित्राला त्याच्या रूमवरच्या पार्टनरची गंमत सांगत होता, स्वतःच हसत होता. काकू पीठभरल्या हातानं दाराशी वीस मिनिटं उभी राहिली. हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना रडली नाही, चिडली होती. म्हणाली, "माझं पोरगं असं बोलतं, हे मला म्हाईतच नव्हतं रे. आन ते कुना परक्याला मिळतंय."

दिवाळी संपली, पोरगा गेला, आणि दुसऱ्या दिवशी ही माझ्या दुकानात हजर. "आदिनाथ, मला तो गेम शिकव."

मी शिकवला. फोनवर गेम टाकला, आयडी काढून दिला, तो नंबर माझ्या हातानं कागदावर लिहून दिला. योगेशला आधी लाज वाटली असेल, पण त्यानं आईला टोळीत घेतलं. तो पहिल्या पाळीला असला की रोज दुपारी तीनला. तिच्या घरी रेंज येत नाही म्हणून काकू माझ्या दुकानातल्या बाकावर बसायची, कानाला इअरफोन, त्याचा आवाज एवढा मोठा की शेजारी मलाही ऐकू यायचं, चष्मा नाकाच्या टोकावर. पहिला महिनाभर तिनं एकही गोळी झाडली नाही. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये शिरायची, मलमपट्ट्या गोळा करायची आणि ओरडायची, "योग्या, मागं बघ! योग्या, ही गोळ्यांची पेटी घे, मला काय करायच्यात!" मग हळूहळू शिकली. कान तिचा पहिल्यापासून तयार. पावलांचा आवाज कुठून येतो ते माझ्याआधी तिला कळायचं. गवतात पडून राहायची आणि येणाऱ्याला असा टिपायची की मी गिऱ्हाईक सोडून बघत बसायचो.

पण ती काही गोळ्या घालायला यायची नाही. त्या तासाभरात योगेश बोलायचा. मेसमधली भाजी, खोलीचा मालक, शेजारच्या लाइनवरची एक मुलगी, सगळं. अडकायचा तेव्हा काकू तिकडं लक्षच द्यायची नाही, खेळातली गाडी चालवत राहायची. एका दुपारी त्यानं सांगितलं, साहेब त्याला लाइन लीडर करायचं म्हणतात. रोज पाळी सुरू होताना बारा जणांसमोर उभं राहून त्या दिवसाचं काम समजावून सांगायचं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. "आई, हो म... म्हणू का?" काकू गाडीतून उतरली, झाडामागं जाऊन बसली आणि म्हणाली, "म्हन की. माझ्यासमोर बोलतोस तसं बोलायचं. बारा जन काय खात्यात का तुला?" योगेश हसला आणि म्हणाला, म्हणतो. खेळ संपल्यावर काकूनं माझ्या दुकानासमोरच्या टपरीवर जाऊन सगळ्यांना चहा सांगितला. कशाबद्दल ते कुणालाच सांगितलं नाही, मलाही ओठावर बोट ठेवून गप्प केलं.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय मला कंपनीला शिव्या द्यायचा अधिकार नाही.

दोन वर्षांपूर्वी या गेममध्ये लबाड लोक माजले होते. कसलंतरी सॉफ्टवेअर टाकून भिंतीआडून गोळ्या घालायचे. आम्ही तक्रारीचं बटण दाबून दाबून दमलो, कंपनी ढिम्म हलायची नाही. मग कुणाकडून तरी कळलं की एकाच आयडीवर शंभरेक तक्रारी पडल्या की कंपनीचं मशीन आपोआप बंदी घालतं, माणूस बघत नाही. झालं. मी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तालुक्यातली खेळणारी पोरं, दोनशे बारा. ॲडमिन मी. नियम सोपा: कुणीतरी आयडीचा नंबर टाकायचा, बाकीच्यांनी रिपोर्ट दाबायचा आणि खाली लिहायचं, 'मंजूर'.

हा 'मंजूर' आमच्या नगर जिल्ह्याच्या रक्तातला आहे. सोसायटी, डेअरी, पतसंस्था, साखर कारखाना, सगळ्यांच्या वार्षिक सभा होतात. मांडवात सेक्रेटरी माईकवर विषय वाचायला लागतो आणि त्याचं अर्धं वाक्य व्हायच्या आत मागच्या रांगांमधून गजर होतो, "मंजूर! मंजूर!" तेरा विषय वीस मिनिटांत संपतात आणि मंडळी पंगतीला पळतात. अहवालाची छापील पुस्तिका प्रत्येकाला मिळते, ती लोक खाली टाकून त्यावर बसतात. मी वडिलांच्या मांडीवर बसून मंजूर म्हणायला शिकलोय. विषय काय होता ते आजवर एकदाही ऐकलेलं नाही.

पहिल्या महिन्यात आम्ही चार लबाडांना उडवलं आणि संगमनेरला जाऊन वडापाव खाल्ले. मग जो शिवी देईल त्याचा नंबर यायला लागला. मग जो आपल्यातल्या कुणाला मारेल त्याचा. मग कुणाचाही. दोनशे बारापैकी एकानं कधी विचारलं नाही की बाबा, यानं केलं काय? मला ते दिसत होतं. दिसत होतं आणि मी ॲडमिन होतो, पण ग्रुप जोरात चाललाय याचीच मला मजा वाटत होती.

काकूनं चहा पाजला त्याच आठवड्यात, बुधवारी, मी माल आणायला संगमनेरला गेलो होतो. काकू दुकानात बाकावर होती, दुकान बायको बघत होती. त्या दिवशी योगेशचे दोन मित्र आले नाहीत, म्हणून गेमनं आपणहून दोन अनोळखी पोरं त्यांच्या टोळीत घातली. योगेश बोलायला लागला आणि अडकला. त्यातलं एक पोरगं हसायला लागलं. "अरे याचं बफरिंग होतंय! रिचार्ज मारा रे कुणीतरी याला!" दुसरं पोरगं अडखळण्याची नक्कल करायला लागलं. योगेशनं माईक बंद केला. ती पोरं थांबली नाहीत. "गेला, गेला, नेटवर्क गेलं!"

आणि मग काकू बोलली. माझी बायको म्हणते, स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "ए मुडद्या! तुझ्या आयशीनं तुला बोलायला शिकवलं का भुंकायला? थोबाड फोडीन, समोर ये!" आणखीही बरंच, ते मी लिहीत नाही. योगेश खेळातून निघून गेला.

त्यातलं एक पोरगं होतं पार्थ. नदीपलीकडच्या गावचं, इंजिनियरिंगला असलेलं, माझ्या ग्रुपमधलं. काकूचा ओरडा त्यानं रेकॉर्ड केला, ग्रुपवर टाकला, खाली आयडी टाकला आणि लिहिलं, 'म्हातारीला उडवा.'

मी संगमनेरला होलसेलवाल्याकडं चहा पीत उभा होतो. मोबाईल वाजला. ती क्लिप मी उघडली नाही. उघडली असती तर दोन सेकंदांत आवाज ओळखला असता. नंबर मी माझ्या हातानं लिहून दिला होता, तोही नीट बघितला नाही. रिपोर्ट दाबला, 'मंजूर' लिहिलं, चहा संपवला.

गुरुवारी तीनला काकू येऊन बसली. गेम उघडला तर इंग्रजीत एक पाटी. "आदिनाथ, हे काय म्हनतंय?" मी वाचलं. असभ्य वर्तन, अनेक खेळाडूंच्या तक्रारी, पडताळणी पूर्ण, हा आयडी आणि हा फोन दहा वर्षांसाठी बंद. खाली आयडीचा नंबर होता. तो मी बघितला. ग्रुप उघडला. एकशे अठरा मंजूर. त्रेसष्टावा माझा.

मी तिथंच सगळं सांगितलं, ग्रुप, पार्थनं टाकलेली आणि मी न ऐकलेली क्लिप. "काकू, मीपण दाबलंय."

तिनं कानातला इअरफोन काढला. मग एवढंच म्हणाली, "ऐकायला काय झालं हुतं रे तुला?"

 तिला काही सांगायच्या ऐवजी मी कंपनीवर तुटून पडलो. दुसऱ्यावर चिडायला नेहमीच सोपं असतं. पण कंपनीवर चिडायला कारणं काय कमी होती? याच काकूनं गेल्या चार महिन्यांत, योगेशची कुणी टिंगल केली की तक्रारीचं बटण दाबलं होतं. बटण मीच दाखवलं होतं तिला. निदान वीस वेळा. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं: गेम सुरक्षित ठेवायला मदत केल्याबद्दल धन्यवाद, आणि सोबत एक हसरं तोंड. त्या वीसांतल्या एकाही पोराचं काही झालं नाही. का? कारण ती एकटी होती. शंभर जणं ओरडली की कंपनीला ऐकू येतं, एकटी बाई खरं बोलली तर नाही. आणि याला हे लोक पडताळणी म्हणतात! यापेक्षा आमची वार्षिक सभा बरी, तिथं निदान माणसं समोर दिसतात.

मी चार मेल केले. सगळं लिहिलं: कोण बाई, मुलगा कसा बोलतो, क्लिप कुणाची, ग्रुप माझा, चूक माझी. क्लिप जोडली, पूर्ण ऐका म्हणून पाया पडलो. तीन दिवसांनी उत्तर आलं. आमच्यासाठी प्रत्येक खेळाडू मोलाचा आहे. आमच्या प्रणालीनं घेतलेला निर्णय अंतिम आहे. त्याच दिवशी त्याच कंपनीचा निरोप माझ्या फोनवर: नवा सोनेरी ड्रेस आला, फक्त आज निम्म्या किमतीत. ड्रेस विकायला यांच्याकडं माणसं आहेत, रोज आहेत. ऐकायला एक कान नाही. तळपायाची आग मस्तकात गेली माझी. बायकोनं फोन हातातून काढून घेतला नसता तर मी तो भिंतीवर आपटला असता.

त्या उत्तराच्या आधीच, बंदीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळचं दूध झाल्यावर काकू म्हणाली, "त्या पार्थाच्या घरी चल." मी म्हटलं, "काकू, कशाला? भांडून काय मिळणार?" म्हणाली, "भांडायला न्हाई. इचारायला."

मोटरसायकलवर घेऊन गेलो. पार्थ पोर्चमध्ये बसला होता, एका कानात इअरफोन. दिसायला अगदी सज्जन पोरगं. आईनं पाणी आणलं, चहा टाकते म्हणाली. मी ओळख करून दिली: या गीताबाई, बुधवारी तू ज्यांना म्हातारी म्हणालास त्या. पोरगं उठून उभं राहिलं.

"सॉरी काकू," तो म्हणाला. "पण तुम्हीपण किती शिव्या दिल्या."

"व्हय, दिल्या," काकू म्हणाली. "मीच दिल्या. ते खोटं न्हाई. त्याची शिक्षा एक दिस गेम बंद ठेवला असता, मी गप बसली असती. तू काय केलंस, ते सांग."

"मी... काकू, गेममध्ये असं चालतंच. एवढं कोणी मनावर घेत नाही."

"माझ्या पोरानं घेतलं. बुधवारपासनं फोन उचलत न्हाई. सोमवारी त्याला सायबाला उत्तर द्यायचंय, बारा मान्सांपुढं बोलशील का म्हनून. आता तो काय उत्तर देईल?"

पार्थ खाली बघत म्हणाला, "पण मी एकट्यानं थोडंच बंद केलं? शंभर जणांनी दाबलं. आणि बंदी तर कंपनीनं घातली, मी कोण?"

मला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली, देवाशपथ. पण काढणार कशी? गावातल्या ग्रुपमधल्या अकरा पोरांना मी आदल्या रात्रीच झापलं होतं आणि अकराही जणांनी हेच सांगितलं होतं. आणि मनातल्या मनात मीही हेच म्हणत होतो.

काकू चिडली नाही. खिडकीत बसल्यावर बोलते तशी बोलली. "आमच्या डेरीच्या टाकीत दोन हजार लिटर दूध येतं. येका किटलीतलं नासकं आलं तर सगळं नासतं. शेतकरी म्हनतो, माझी चार लिटरची किटली, तिनं काय हुतंय? आन डेरी म्हनली आसती, आमी काय येकेकाचं बघत बसू का, टाका समदं येकात. मग लोकांच्या लेकरांनी काय प्यायचं? म्हनून मला बसवलंय. मी येकेक झाकन उघडून नाक लावते." मग थांबली आणि खरंच विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या कंपनीत खिडकीत कुनीच बसत न्हाई का रे?"

पार्थनं मान हलवून नाही म्हटलं.

"मग तर तुमी पोरांनी जास्तच बघून टाकायला पायजे हुतं," काकू म्हणाली आणि चहा न घेता उठली. पार्थची आई दारात ट्रे घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं पुढं होऊन पोराच्या कानातला इअरफोन ओढून काढला आणि तो भेदरून तिच्याकडं बघत राहिला.

घरी आल्यावर मी ग्रुपवर पाच मिनिटांचा आवाजी निरोप टाकला. सगळं सांगितलं, नावानिशी, माझ्या नावासकट. शेवटी म्हटलं, ज्यानं ज्यानं मंजूर लिहिलं त्यानं कंपनीला मेल करा की आम्ही न बघता दाबलं होतं. तीन जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, 'काकूला सॉरी सांग,' आणि पुढं हसून डोळ्यांत पाणी आलेलं तोंड. पार्थनं मेल केला, त्या मेलचा फोटो टाकला. त्या एकाचं मी मान्य करतो. बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी एकेक करून बाहेर पडली. त्यांनी नवा ग्रुप काढलाय, मला न घेता. तिथंही मंजूर चालतं म्हणे.

योगेशचा फोन शनिवार, रविवार, सोमवार लागला नाही. म्हणजे वाजायचा, उचलायचा नाही. रोज एका शब्दाचा निरोप यायचा, 'जेवलो.' काकू तो मला वाचायला लावायची, जणू त्यात आणखी काही लिहिलेलं असेल. सोमवार गेला. सायबाला काय सांगितलं ते कळायला मार्ग नव्हता.

मंगळवारी मी माझा फोन काकूच्या हातात दिला. माझा आयडी, सहा वर्षांचा. म्हटलं, यावरून खेळा. योगेशला निरोप टाकला, तीन वाजता आई येतेय, ये. तीन वाजले, सव्वातीन झाले. आणि साडेतीनला तो आला. काकूनं इअरफोन काढून टाकला, आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून का स्वतःला नीट ऐकू यावं म्हणून, माहीत नाही. योगेशच्या नावापुढं माईकचं चित्र होतं, त्यावर लाल रेघ. माईक बंद. विमानातून दोघं उतरली, एका घरात शिरली.

"योग्या, जेवला का रे?"

 मग मोबाईलमधून एक खणखणीत, गुळगुळीत हिंदी आवाज आला: "हाँ! ठीक है!"

काकू दचकली. "हा कोन?"

मला कळलं. ज्यांना माईकवर बोलायचं नसतं त्यांच्यासाठी कंपनीनं गेममध्ये तयार वाक्यं भरून ठेवलीत. बटण दाबायचं, आणि कुणा भाड्यानं आणलेल्या माणसाच्या आवाजात ते वाक्य ऐकू येतं. मी म्हटलं, "काकू, योगेशच आहे. बटण दाबतोय. आवाज कंपनीचा आहे."

 खेळातली तिची बाई घराच्या मधोमध नुसती उभी होती. मग तिनं विचारलं, "सोमवारी सायबाला काय सांगितलंस, बाबा?"

 बाहेर एसटी येऊन निघून गेली. मग तोच आवाज, तसाच जोरात, तसाच हसतखेळत:

"पीछे हटो! पीछे हटो!"

लढाईत माघार घ्यायची असली की दाबायचं ते बटण. पोराकडं तेवढंच वाक्य होतं, त्यानं ते दाबलं. काकूला हिंदी कळतं. तिनं फोन तोंडाजवळ घेतला. 

"योग्या, ह्या मान्साला गप कर. लई चांगला बोलतो तो, पन तो माझा कोन न्हाई. तू बोल. अडखळ. काय हुतं अडखळलं तर? मी हितंच हाय. मी थांबते."

खेळातलं मैदान आकसत आलं, कुणीतरी दोघांनाही मारलं, खेळ संपला. खेळ संपला की परत येतो त्या पहिल्या पडद्यावर दोघं शेजारी-शेजारी उभी असलेली दिसत होती, योगेशच्या नावापुढं ती लाल रेघ. तो निघून गेला नव्हता. बोलतही नव्हता. काकू फोन कानाला लावून बसून राहिली. चार वाजले, पाच वाजले. साडेपाचला डेअरीपाशी किटल्या यायला लागल्या. खिडकी बंद. इतक्या वर्षांत ती खिडकी कधी उशिरा उघडलेली नाही. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "काकू, दूध नासंल, खिडकी उघडा की!" काकूला ते ऐकूच आलं नाही. मी दुकानाच्या बाहेर आलो आणि गळ्याच्या शिरा ताणून सगळ्या रांगेवर ओरडलो, "थांबा की जरा! तिचं पोरगं बोलायचंय अजून."